हवामान बदल आणि माणूस : भूगोलाच्या कार्यशाळांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या कार्यशाळा घेऊ पाहणारे शिक्षक, त्यांना येणारे विद्यार्थी आणि ‘आमच्या गटासाठी ठेवता येईल का’ म्हणून चौकशी करणारे लोक फिरून फिरून जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. काही उत्तरं दोन ओळींत संपतात, काहींना जागा लागते.

हवामान बदल विज्ञानाच्या तासाला शिकवतातच. मग भूगोलाची वेगळी कार्यशाळा कशाला?

हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढला आणि पृथ्वी तापली, हे विज्ञान सांगतं. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दर दहा लाख भागांत तो सुमारे २८० भाग होता, आज ४२०च्या वर आहे. १८५० ते १९०० या काळाशी तुलना केली तर २०११ ते २०२० हे दशक सरासरी १.१ अंश सेल्सिअसने जास्त गरम होतं. हे सगळं पक्कं आहे आणि कार्यशाळेत आम्ही ते पायाला धरूनच चालतो.

पण सरासरीत कोणी राहत नाही. माणूस राहतो नदीच्या या काठाला किंवा त्या काठाला, पत्र्याखाली किंवा झाडाच्या सावलीतल्या घरात. तो १.१ अंश त्याच्यापर्यंत कसा पोचतो, कोणाकडे आधी पोचतो आणि शेजारच्याला का चुकवून जातो, हा भूगोलाचा प्रश्न आहे.

एक उदाहरण आम्ही जवळपास प्रत्येक वेळी घेतो. जुलै १९९५मध्ये शिकागो शहरात उष्णतेची लाट आली आणि ७००हून जास्त माणसं दगावली. त्यांत एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांची संख्या मोठी होती. शहरात नॉर्थ लॉनडेल आणि साउथ लॉनडेल या दोन वस्त्या एकमेकींना खेटून आहेत. ऊन तेच, गरिबीही दोन्हीकडे. तरी एकीकडचा मृत्युदर दुसरीच्या कित्येक पट निघाला. एका वस्तीत ओसाड प्लॉट, बंद पडलेली दुकानं, गुन्हेगारीची भीती. म्हातारी माणसं दार-खिडक्या लावून आत बसलेली. दुसरीत रस्त्यावर दिवसभर वर्दळ, दाट शेजार, चार पावलांवर दुकानं. माणसं सहज बाहेर पडत, कोणी दिसलं नाही तर विचारपूस होई. तापमापकात हा फरक दिसत नाही, नकाशावर दिसतो. कार्यशाळेत आम्हाला शिकवायचं असतं ते एवढंच.

मी भूगोल सोडून बरीच वर्षं झाली. झेपेल का?

झेपेल. अक्षांश-रेखांश आठवत असले तर उत्तम, नसले तरी अडत नाही. नकाशावर उंची दाखवणाऱ्या समोच्च रेषा वाचता येणं मात्र गरजेचं आहे. तेवढं पहिल्या अर्ध्या तासात होतं.

प्रत्यक्ष करायचं काय असतं? भाषणंच असतात का?

भाषण शक्य तितकं कमी. मुख्य काम तीन ट्रेसिंग पेपरवर चालतं. प्रत्येक गटाला एका काल्पनिक गावाचा नकाशा मिळतो : नदी, एका बाजूला टेकडी, पूल, शाळा, दवाखाना, विखुरलेल्या वस्त्या, समोच्च रेषा. पहिल्या ट्रेसिंग पेपरवर पाणी कुठवर चढेल तो पट्टा निळ्या पेन्सिलीने रंगवायचा. दुसऱ्यावर घरं मांडायची. तिसऱ्यावर हलायला वेळ लागणारी माणसं दाखवायची : एकटे वृद्ध, तान्ही मुलं असलेली घरं, अंथरुणाला खिळलेले रुग्ण, रात्रपाळीहून येऊन दिवसा झोपलेले कामगार, कालच भाड्याने राहायला आलेलं आणि कोणालाच माहीत नसलेलं कुटुंब.

मग निवारा कुठे करायचा ते ठरवायचं. बहुतेक गट शाळा निवडतात, कारण इमारत पक्की आणि खोल्या भरपूर. तिन्ही कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेवर धरले की कळतं, शाळा कोरडी आहे पण तिच्याकडे जाणारा एकुलता एक पूल निळ्या पट्ट्यात आहे. खोडरबर निघतात. कोणी म्हणतं पाणी यायच्या आधीच लोकांना हलवू, त्यावर दुसरं कोणी विचारतं, ‘सांगणार कोण, आणि ते कुटुंब तर कोणाच्या यादीतच नाही.’ या टप्प्यावर संचालकाने तोंड उघडू नये. मदत करायची हौस अनावर होते, पण उत्तर पुरवलं की सगळा खेळ संपतो.

दुसऱ्या फेरीत फक्त एक बदल करायचा : पाणी रात्री दोन वाजता येतं. अर्धे निर्णय पुन्हा बदलतात.

‘जोखीम’ आणि ‘आपत्ती’ यांत तुम्ही एवढा फरक का करता?

कारण सगळी गफलत तिथेच होते. जोखीम म्हणजे नुकसान होण्याची शक्यता, आपत्ती म्हणजे ते प्रत्यक्ष होणं. जोखमीचे तीन घटक असतात : निसर्गाचा तडाखा, त्या तडाख्याच्या वाटेत कोण आणि काय आहे, आणि वाटेत असलेल्यांची तो सोसायची ताकद किती. तडाखा तेवढाच राहिला तरी बाकीचे दोन बदलले की परिणाम ओळखू येणार नाही इतका बदलतो.

हे पटवायला आम्ही एक कोडं देतो. एकाच किनाऱ्यावर आलेल्या तीन चक्रीवादळांचे मृत्यूंचे आकडे फळ्यावर लिहायचे, साल आणि नाव न सांगता : किमान ३ लाख, सुमारे १ लाख ३८ हजार, सुमारे ३,४००. सर्वांत जोरदार वादळ कोणतं? सगळे पहिल्याकडे बोट दाखवतात. ती आहेत आताच्या बांगलादेशात आलेली १९७०चं भोला, १९९१चं वादळ आणि २००७चं सिद्र. सिद्र वाऱ्याच्या वेगात भोलापेक्षा कमी नव्हतं. मधल्या काळात बदलली ती तयारी. १९७२पासून स्वयंसेवकांची फळी उभी राहिली, भोंगे आणि झेंडे घेऊन गावोगाव इशारा पोचू लागला, खांबांवर उभे केलेले निवारे बांधले गेले, किनाऱ्याला बांध घातले गेले.

१९९१मध्ये मृतांत स्त्रियांचं प्रमाण पुरुषांपेक्षा पुष्कळ जास्त होतं, हेही सांगतो आणि कारणं गटाला शोधायला लावतो. इशारा कोणाच्या कानावर आधी पडतो, घर सोडायचं कोण ठरवतं, मुलं आणि गुरंढोरं कोण सांभाळतं, पोहायला कोणाला शिकवलेलं असतं. ही चर्चा लवकर आटोपू नये. कार्यशाळेतला सगळ्यात मोलाचा अर्धा तास हाच असतो.

आंतरशासकीय हवामान बदल मंडळ, म्हणजे आयपीसीसी, याच मुद्द्यावर आलेलं आहे. त्यांच्या २०२२च्या अहवालानुसार ३.३ ते ३.६ अब्ज लोक अतिशय असुरक्षित परिस्थितीत राहतात. २०१० ते २०२० या काळात पूर, दुष्काळ आणि वादळांनी होणाऱ्या मृत्यूंचं प्रमाण अशा प्रदेशांत, सर्वांत कमी असुरक्षित प्रदेशांच्या तुलनेत, १५ पट होतं.

प्रयोग करून दाखवता का?

एक करतो, एक टाळतो.

करतो तो बर्फाचा. दोन सारखी काचेची भांडी घ्यायची. एकात पाण्यात बर्फाचे खडे तरंगत सोडायचे, दुसऱ्यात पाण्याबाहेर डोकं काढणारा दगड ठेवून त्यावर बर्फ ठेवायचा. दोन्हीकडे पाण्याच्या पातळीवर खूण करायची आणि इतर काम सुरू करायचं. बर्फ वितळल्यावर पहिल्या भांड्यातली पातळी खुणेवरच असते, दुसऱ्यातली वर गेलेली असते. उत्तर ध्रुवाजवळचा तरंगता बर्फ आणि ग्रीनलंडच्या जमिनीवरचा बर्फ यांतला फरक यानंतर समजावून सांगावा लागत नाही. तिसरी गोष्ट मात्र या भांड्यांत दिसत नाही, ती तोंडाने सांगावी : पाणी तापलं की प्रसरण पावतं, आणि १९७१ ते २०१८ या काळात समुद्रपातळी वाढण्यात सुमारे निम्मा वाटा या प्रसरणाचा आहे.

टाळतो तो दोन बाटल्यांचा. एका बाटलीत हवा, दुसरीत व्हिनेगर आणि खाण्याच्या सोड्यापासून काढलेला कार्बन डायऑक्साइड, वर दिवा, आणि मग ‘बघा, ही जास्त तापली’. फरक दिसतो, पण तो मुख्यतः वायूच्या घनतेमुळे आणि बाटलीतल्या अभिसरणामुळे पडतो. वातावरणात उष्णता अडकते ती अवरक्त किरण, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे उष्णतेचे किरण, शोषले गेल्यामुळे. बरोबर निष्कर्ष चुकीच्या पुराव्यावर उभा करण्यात अर्थ नाही, विशेषतः समोर एखादी चौकस मुलगी बसलेली असताना.

समुद्र शंभर वर्षांत वीतभर चढला, एवढंच ना? त्यात घाबरण्यासारखं काय?

१९०१ ते २०१८मध्ये जागतिक सरासरी पातळी सुमारे २० सेंटीमीटर वाढली, म्हणजे खरंच वीतभर. पण ही वीत शांत समुद्राच्या दिवशी मोजायची नाही. ती भरतीच्या वर चढते आणि वादळाच्या लाटेच्या वर चढते. जो बांध पूर्वी क्वचित ओलांडला जायचा, तो वारंवार ओलांडला जातो. सपाट किनाऱ्यावर पाणी उंचीने थोडं वाढलं तरी आत पुष्कळ पसरतं. खारं पाणी जमिनीखालून विहिरींत शिरतं ते तर वरून दिसतही नाही. मोठ्या उताराचा आणि सपाट असे दोन किनारे कागदावर काढून त्यांवर तेवढीच उभी रेघ चढवा, आडवं अंतर मोजा. पाच मिनिटांचं काम आहे.

‘ऊन पूर्वीही पडायचं, पूर पूर्वीही यायचे’ असं कोणी म्हटलं तर?

‘बरोबर’ म्हणा आणि तिथून पुढे चला. एका दिवसाचा पाऊस ही हवा. हवामान सांगायला जागतिक हवामान संघटना ३० वर्षांची सरासरी धरते, सध्या १९९१ ते २०२०ची. प्रश्न पूर्वी कधी घडलं का हा नाही. किती वेळा घडायचं आणि आता किती वेळा घडतं, हा आहे. तापमान १ अंशाने वाढलं की हवा सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते, त्यामुळे धो धो पाऊस आणखी जोरात कोसळायला वाव मिळतो. एखाद्या विशिष्ट घटनेत तापमानवाढीचा हात किती, हेही आता संगणकीय प्रारूपांनी तपासता येतं : आजच्या जगात ही घटना घडण्याची शक्यता किती आणि न तापलेल्या जगात किती असती, अशी तुलना करतात.

ओझोनच्या छिद्रातून ऊन येतं म्हणून पृथ्वी तापते, हा गैरसमजही इथेच निघतो. ते वेगळं प्रकरण आहे.

मग दिसेल त्या संकटाचं खापर हवामान बदलावर फोडायचं का?

अजिबात नाही. आमच्या मते या विषयातली सर्वांत घातक सवय हीच आहे. अरल समुद्र आटला तो कशाने, असं विचारलं की बहुतेक जण तापमानवाढ म्हणतात. तो आटला कारण १९६०च्या दशकापासून अमू दर्या आणि सीर दर्या या नद्यांचं पाणी सोव्हिएत राजवटीने कापसाच्या शेतीकडे वळवलं. जकार्ताच्या काही भागांत समुद्र घरात येतो, त्यात समुद्रपातळी वाढल्याचा भाग आहेच, पण भूजल उपसल्यामुळे जमीन खचणं हा त्याहून मोठा भाग आहे. मासेमारांच्या बंदरासमोर पाणी चढलं ते कशामुळे, याने उपाय बदलतो. उपसा थांबवणं शहराच्या हातात असतं. महासागर थंड करणं नसतं.

यासाठी आम्ही पाच-सहा घटनांच्या चिठ्ठ्या देतो आणि प्रत्येकीची कारणं ‘हवामान बदल’, ‘जमीन आणि पाण्याचा वापर’, ‘धोरण आणि पैसा’ अशा तीन रकान्यांत लिहायला सांगतो. एकही चिठ्ठी एकाच रकान्यात मावली नाही तर कार्यशाळा ठीक चालली आहे असं समजावं.

उलट टोकही सांभाळायला हवं. ‘सगळं प्रशासनाचंच चुकलं’ म्हणून तापमानवाढीला मोकळं सोडणारेही भेटतात. अहमदाबादेत मे २०१०च्या लाटेत नेहमीपेक्षा १,३००हून जास्त मृत्यू झाले. पुढे २०१३मध्ये शहराने उष्णता कृती आराखडा केला : आधी इशारा, दवाखान्यांची तयारी, पाण्याची सोय. लाट नैसर्गिक, तिची तीव्रता वाढवणारं तापमान माणसाचं, आणि बळी किती जातील हे आराखड्यावर. तिन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

स्थलांतराबद्दल काय सांगावं? ‘हवामान निर्वासित’ म्हणायचं का?

बोलताना लोक म्हणतात, कायद्यात तसा दर्जा नाही. १९५१च्या निर्वासितविषयक करारात वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट आणि राजकीय मत या कारणांनी होणारा छळ येतो. समुद्र चढणं येत नाही. किरिबाटी या पॅसिफिक महासागरातल्या बेटदेशाच्या एका नागरिकाने न्यूझीलंडमध्ये आश्रय मागितला होता. त्याचं प्रकरण संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीपर्यंत गेलं. २०२०मध्ये समितीने त्याच्या बाजूने निर्णय दिला नाही, पण हवामानामुळे जिवाला धोका असेल तिथे माणसाला परत पाठवणं हे जगण्याच्या हक्काचं उल्लंघन ठरू शकतं, एवढं मान्य केलं. तुवालू आणि ऑस्ट्रेलिया यांच्यात २०२३मध्ये करार झाला, त्यानुसार वर्षाला २८० तुवालूवासीयांना ऑस्ट्रेलियात राहायला जाता येतं. देशाची लोकसंख्या सुमारे ११ हजार, तेव्हा हिशोब वर्गातच करायला द्यावा.

बोटीत बसून दुसऱ्या देशात निघालेली माणसं, हे चित्र मात्र थोडं बाजूला ठेवा. जागतिक बँकेच्या २०२१च्या अंदाजानुसार सहा प्रदेशांत मिळून २०५०पर्यंत २१ कोटी ६० लाखांपर्यंत लोकांना आपल्याच देशात दुसरीकडे जावं लागू शकतं. हा अंदाज परिस्थिती फारच बिघडली तरचा आहे, वेळीच पावलं उचलली तर तो बराच खाली येतो. आणखी एक गट नकाशावर बाण नसल्यामुळे निसटतो : ज्यांना जायला पैसाच नाही, आणि जे म्हणून तिथेच अडकले. आमच्या नकाशात त्यांच्यासाठी वेगळी खूण असते.

चर्चा राजकारणावर जाते. थांबवावी का?

थांबवू नका, आकड्यांवर आणा. जीवाश्म इंधनांतून माणशी वर्षाला सुटणारा कार्बन डायऑक्साइड जगाच्या सरासरीने ५ टनांच्या थोडा खाली आहे. अमेरिकेत तो १४ टनांच्या आसपास, भारतात २ टनांच्या आसपास. आजवर साचलेल्या एकूण उत्सर्जनात एकट्या अमेरिकेचा वाटा जवळपास चौथाई आहे. एकूण वार्षिक आकडा घेतला तर मात्र चीन पहिला येतो. माणशी, वार्षिक की साचलेलं, यातलं माप निवडलं की दोषी बदलतो; तीन गटांना तीन मापं द्या आणि भांडू द्या. देशांतर्गत श्रीमंत-गरीब फरक काढायला विसरू नका, तो कोणत्याच देशाच्या सरासरीत दिसत नाही.

वर्गातल्या चर्चेने काही होत नाही असं वाटणाऱ्यांसाठी एक गोष्ट आहे. २०१९मध्ये दक्षिण पॅसिफिक विद्यापीठाच्या कायद्याच्या २७ विद्यार्थ्यांनी आंतरराष्ट्रीय न्यायालयाचं मत मागवावं अशी मोहीम सुरू केली. वानुआतूने ती उचलून धरली, मार्च २०२३मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ठराव केला आणि २३ जुलै २०२५ रोजी न्यायालयाने हवामानाबाबत देशांवर कायदेशीर जबाबदाऱ्या आहेत असं सल्लागार मत दिलं.

मुलं घाबरून जातात का?

नुसते आकडे ओतले तर जातात. हातात नकाशा आणि निर्णय असले की भीतीची जागा वादावादी घेते, आणि ती परवडते. प्रेतांचे, रडणाऱ्या माणसांचे फोटो आम्ही वापरत नाही. लहान मुलांना ‘तू पूरग्रस्त हो’ असं नाटकही देत नाही. हुंदके देण्याची स्पर्धा लागते. त्यापेक्षा त्यांना तीन बोटी आणि सात वस्त्या देऊन नियोजन करायला लावा.

गटात खरोखर पूर किंवा दुष्काळ सोसलेलं कोणी असेल तर?

त्यांना आधी एकटं गाठून विचारा, सर्वांसमोर नाही. बोलायचं नसेल तर विषय संपला. बोलायचं असेल तर ‘कसं वाटलं’ असं न विचारता ‘पहिल्यांदा कोणी सांगितलं’, ‘कोणत्या वाटेने गेलात’, ‘परत आल्यावर कोणते कागद मागितले’ असं विचारा. त्यांच्याकडे माहिती असते आणि ती बाकी कोणाकडेच नसते.

साहित्य काय लागतं? इंटरनेट नसेल तर?

नकाशाच्या प्रती, ट्रेसिंग पेपर, रंगीत पेन्सिली, टाचण्या, दोन भांडी, बर्फ, एक दगड. इंटरनेट नसलं तरी चालतं. उपग्रहचित्रं दाखवायची असतील तर आधी छापून घ्या. अरल समुद्राची दोन वेगळ्या वर्षांची चित्रं पुरेशी आहेत.

किती वेळ आणि किती जण?

एक पूर्ण दिवस बरा. अर्ध्या दिवसात उरकायची असेल तर ट्रेसिंग पेपर आणि चक्रीवादळांचं कोडं ठेवा, बाकी सोडा. एका गटात पाचपेक्षा जास्त जण असले की दोघे फक्त बघत बसतात. गट कितीही असोत, खिडकीच्या काचा तेवढ्या हव्यात. नसतील तर पांढऱ्या भिंतीवर टॉर्च धरून काम भागत नाही, टेबलाखाली दिवा ठेवून वर काच टाकावी.